ओठ हलले आणि चित्र बोललं

आमच्या तालुक्याच्या गावी कर्णबधिर मुलांची एक छोटीशी शाळा आहे. आठवड्यातून दोन दिवस मी तिथे मदतीला जाते. मदत म्हणजे फार काही नाही. बाई बोलायला शिकवतात तेव्हा लहान मुलांना घेऊन आरशासमोर बसायचं. बाईंचे ओठ बघायचे, आरशात आपले ओठ बघायचे आणि तसेच हलवायचे. ही मुलं डोळ्यांनी ऐकतात म्हणा ना! पण त्यात एक मोठी अडचण असते. बाबा म्हणा, मामा म्हणा नाहीतर पापा म्हणा, ओठांवर तिन्ही अगदी सारखेच दिसतात. मैत्रिणींनो, खोटं वाटत असेल तर आरशासमोर आवाज न काढता म्हणून बघा.

पावसाळ्यातल्या एका दुपारी मुलांना बाहेर सोडता येईना म्हणून बाईंनी टीव्ही लावून दिला. कुठलं तरी परदेशी कार्टून हिंदीत चाललं होतं. पाच मिनिटं झाली नाहीत तोच आठ-नऊ वर्षांची एक मुलगी उठून टीव्हीजवळ गेली. तिने पडद्यावरच्या सशाच्या तोंडावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून जोरजोरात हात हलवला. मला काही कळेना. बाई हसल्या आणि म्हणाल्या की तिला ते खोटं वाटतंय. सशाचे ओठ इंग्रजी बोलतायत आणि आवाज हिंदी आहे. ऐकू येणाऱ्या आपल्याला ते कधी खटकतच नाही. मग बाईंनी मिकी माऊसची एक जुनी, बिनबोलाची फिल्म लावली आणि सगळा वर्ग हसून लोळायला लागला.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच किडा. चित्राला बोलायला शिकवलं तरी कोणी, आणि कसं? मिकीचा जनक वॉल्ट डिस्ने हे नाव शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर त्याच्या कंपनीची हिंदीतली कार्टून्स लागायची, तेव्हा घरोघरी पोरं आंघोळीचा हट्ट विसरून टीव्हीसमोर बसायची. पण नावापलीकडे मला तरी काही ठाऊक नव्हतं. म्हणून वाचत गेले, आणि जे सापडलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

वॉल्टचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी अमेरिकेतल्या शिकागो शहरात झाला. चार मुलगे आणि सर्वांत धाकटी मुलगी रुथ. वडील एलायस कडक आणि तापट, कुठल्याच धंद्यात फार काळ न टिकलेले. आई फ्लोरा मात्र शांत. १९०६ मध्ये हे कुटुंब मिझुरी राज्यातल्या मार्सलिन या छोट्या गावी शेती करायला गेलं. तिथली गाई-गुरं, डुकरं, कोंबड्या वॉल्टच्या मनात जन्मभर राहिल्या. एकदा घरात कोणी नसताना त्याने धाकट्या बहिणीला हाताशी धरून डांबराने घराच्या पांढऱ्या भिंतीवर चित्रं काढली. डांबर पुसून निघत नाही हे नंतर कळलं. वडिलांनी काय केलं असेल ते वेगळं सांगायला नको.

शेतीही बुडाली. कॅन्सस सिटीला येऊन वडिलांनी वर्तमानपत्रं वाटायचं काम घेतलं आणि रॉय आणि वॉल्ट या दोन भावांना त्याला जुंपलं. पहाटे अंधारात उठायचं, गुडघाभर बर्फातून पेपर टाकायचे आणि मग शाळेत जाऊन बाकावर डुलक्या काढायच्या. सहा वर्षं हे चाललं आणि वडील त्याचे पैसेही हातात देत नसत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला वय कमी असतानाही कागदावर जन्मसाल बदलून हा पोरगा रेडक्रॉसमध्ये भरती झाला. फ्रान्सला पोचेपर्यंत लढाई संपलेली होती. तिथे तो रुग्णवाहिका आणि ट्रक चालवायचा आणि गाडीच्या ताडपत्रीवर चित्रं काढायचा.

परत आल्यावर कॅन्सस सिटीत त्याला उब आयवर्क्स नावाचा समवयस्क चित्रकार भेटला. हा मनुष्य फार महत्त्वाचा, पण त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं. वॉल्टच्या डोक्यात कल्पना आणि उबच्या हातात विलक्षण वेग, अशी ती जोडी. १९२२ मध्ये वॉल्टने पहिली कंपनी काढली आणि १९२३ मध्ये तिचं दिवाळं निघालं. मग हॉलिवूडला जाऊन भाऊ रॉयला भागीदार घेऊन त्याने पुन्हा मांडामांड केली.

या नव्या स्टुडिओत शाईने रेषा काढायच्या कामाला लिलियन नावाची एक तरुणी लागली. पैशांची इतकी ओढाताण होती की पगाराचा चेक इतक्यात वठवू नकोस असं तिला सांगावं लागायचं, असं म्हणतात. १९२५ मध्ये वॉल्टने तिच्याशी लग्न केलं. (चेकचा प्रश्नच मिटला, असं माझ्या मनात आलं!) मिकीचं नाव खरं तर मॉर्टिमर ठरलं होतं. ते लिलियनला जड आणि शिष्ट वाटलं म्हणून मिकी झालं, अशी गोष्ट सांगतात.

मिकी जन्मला तोही संकटातूनच. १९२८ मध्ये वॉल्टचा ओस्वाल्ड नावाचा ससा फार चालत होता. पण त्याचे हक्क कागदोपत्री वितरकांकडे होते. न्यू यॉर्कला जास्त पैसे मागायला गेलेल्या वॉल्टला कळलं की ससाही आपला नाही आणि आपले बहुतेक चित्रकारही फोडले गेले आहेत. उब तेवढा राहिला. त्याने आणि वॉल्टने मिळून उंदीर तयार केला. पहिल्या दोन फिल्म्स मूक होत्या आणि त्या घ्यायला कोणी तयार होईना, कारण आदल्याच वर्षी सिनेमा बोलायला लागला होता. आपल्याकडे बोलपट यायला अजून अवकाश होता, 'अयोध्येचा राजा' आला १९३२ मध्ये.

आवाजाचं कार्टून त्याआधी इतरांनीही करून पाहिलं होतं. पण त्यात चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, असा प्रकार असायचा. वॉल्टने ठरवलं की पाय आपटला की त्याच क्षणी ठोका पडला पाहिजे. आता चित्र धावतं सेकंदाला चोवीस चौकटींनी आणि संगीत चालतं ठेक्याने. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा? त्याच्याकडचा विल्फ्रेड जॅक्सन हा तरुण पोरगा मेट्रोनोम घेऊन आला. संगीत शिकणाऱ्यांना लय दाखवायला टिकटिक करणारं यंत्र असतं, तेच. एका टिकला इतक्या चौकटी असा हिशोब बसवला आणि चित्रं त्या हिशोबाने काढली.

फिल्म अर्धी झाली तेव्हा एका रात्री त्यांनी चाचणी घेतली. एका खोलीत चादर टांगून तिच्यावर चित्र पाडलं. मागच्या बाजूला वॉल्ट, उब, जॅक्सन वगैरे मंडळी बाजा, डबे, शिट्ट्या घेऊन बसली. प्रेक्षक म्हणून कोण, तर त्यांच्या बायका. पुरुष मंडळी आवाज जुळला म्हणून वेडी झाली आणि बायका मात्र थोड्या वेळाने मुलांच्या आणि स्वयंपाकाच्या गप्पांना लागल्या, असा किस्सा आहे. मला हसू आलं. दिवसभर घर सांभाळून रात्री डब्यांचा आवाज ऐकायला बोलावल्यावर दुसरं काय होणार!

न्यू यॉर्कला जाऊन केलेलं पहिलं ध्वनिमुद्रण फसलं, वाद्यवृंद चित्राबरोबर राहीना. दुसऱ्यांदा करायला पैसे नव्हते, तेव्हा वॉल्टने आपली लाडकी मोटार विकायला लावली. या खेपेला वाद्यवृंदाच्या प्रमुखाला ठेका दिसावा म्हणून फिल्मवर उड्या मारणारा एक चेंडू उमटवला होता. १८ नोव्हेंबर १९२८ ला 'स्टीमबोट विली' न्यू यॉर्कच्या कॉलनी थिएटरात लागली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली.

पण त्या फिल्ममध्ये मिकी शीळ घालतो, किंचाळतो, बोलत मात्र नाही. तो पहिले शब्द बोलला १९२९ मध्ये, 'द कार्निव्हल किड' या फिल्ममध्ये, आणि तेसुद्धा जत्रेत खाण्याचे पदार्थ विकताना मारलेली आरोळी. पुढे सुमारे अठरा वर्षं मिकीचा तो चिरका, लाजरा आवाज वॉल्ट स्वतः काढत होता. सहा फुटांच्या आसपास उंचीचा, मिशीवाला, सतत सिगारेट ओढणारा गृहस्थ माईकपुढे उभा राहून उंदरासारखा बोलायचा!

आता खऱ्या प्रश्नाकडे येते. चित्राचे ओठ हलवायचे कसे?

आपण शाळेत वर्णमाला शिकलो तेव्हा गुरुजींनी कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असे गट पाठ करून घेतले होते, आठवतंय? मला तेव्हा ती निव्वळ कटकट वाटायची. डिस्नेच्या चित्रकारांना तसंच काहीसं करावं लागलं. आवाज आधी रेकॉर्ड करायचा, चित्र नंतर. त्या आवाजाची पट्टी एक जण चौकट-चौकट ऐकायचा आणि कुठल्या चौकटीवर कुठला उच्चार येतो ते लांबलचक तक्त्यावर मांडायचा. तो तक्ता चित्रकाराकडे जायचा. चित्रकाराच्या टेबलावर पेन्सिल, कागद आणि एक आरसा. हो, आमच्या शाळेतल्यासारखाच आरसा! चित्रकार स्वतः ते वाक्य आरशात बघून म्हणायचा, तोंडं वेडीवाकडी करायचा आणि मग काढायचा.

प, ब आणि म यांना एकच चित्र पुरतं, मिटलेले ओठ. आमच्या मुलांची जी अडचण, ती या चित्रकारांची सोय. पण मिटलेले ओठ किमान दोन चौकटी तरी तसेच ठेवावे लागतात. नाहीतर ते पडद्यावर येऊन जातात आणि डोळ्याला दिसतच नाहीत, मग म चा म वाटत नाही. फ आणि व ला खालचा ओठ वरच्या दातांखाली. आ ला तोंड उघडं, ओ आणि ऊ ला चंबू. तोंडाचा आकार आवाजाच्या एक-दोन चौकटी आधी आला तर चालतो, उलट बराही दिसतो. आवाजानंतर आला की लगेच खोटं वाटतं.

इतकं सगळं जमल्यावरही चित्रं बोलताना निर्जीवच दिसायची. प्रत्येक अक्षराला प्रामाणिकपणे तोंड हलवलं तर पात्र बोलण्याऐवजी चावतंय असं वाटायचं. माणूस बोलतो तो काही नुसत्या ओठांनी नाही. आधी मनात विचार येतो, मग डोळे हलतात, भुवया उचलल्या जातात, मान हलते, हात पुढे येतो आणि मग शब्द बाहेर पडतो. भांडणाऱ्या दोन बायकांकडे लांबून बघा, एक शब्द ऐकू येत नसला तरी कोणाचं चुकलंय ते कळतं! आपल्या पाध्यांच्या बोलक्या बाहुल्यांमधले अर्धवटराव घ्या. त्यांचा जबडा फक्त वरखाली होतो, प आणि क ला सारखाच. तरी ते बोलतात हे आपण मानतो, कारण मान वळते, डोळे फिरतात आणि ते समोरच्याचं ऐकताना दिसतात.

वॉल्टला हे आतून कळलेलं होतं. गंमत म्हणजे १९२६ च्या सुमारापासून त्याने स्वतः चित्रं काढणं जवळजवळ सोडलंच होतं. त्याच्याकडे त्याच्याहून उत्तम काढणारे लोक होते. तो करायचा ते म्हणजे गोष्ट करून दाखवायचा. त्याच्या चित्रकारांना नीट चित्रकला यावी म्हणून त्याने त्यांना रात्रीच्या वर्गांना पाठवलं, पुढे स्टुडिओतच शिक्षक आणले. १९३५ मध्ये त्यांचे शिक्षक डॉन ग्रॅहम यांना त्याने भलं मोठं पत्र लिहून चित्रकारांना काय काय शिकवायला हवं ते कळवलं. स्वतः शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाने!

१९३४ मधली एक संध्याकाळ. वॉल्टने मुख्य चित्रकारांना जेवून यायला सांगितलं आणि ते परतल्यावर एका रिकाम्या हॉलमध्ये एकटाच उभा राहिला. हिमगौरी आणि सात बुटक्यांची गोष्ट त्याने एकट्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवली. राणी तोच, हिमगौरी तोच, प्रत्येक बुटकाही तोच. त्या रात्री त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं तेच पुढे तीन वर्षं आपण कागदावर उतरवत होतो, असं तिथल्या लोकांनी नंतर सांगून ठेवलं आहे.

'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' हा ८३ मिनिटांचा सिनेमा. सेकंदाला चोवीस या हिशोबाने सुमारे एक लाख वीस हजार चौकटी होतात. एवढं लांब कार्टून कोण बघत बसणार, म्हणून हॉलिवूडमध्ये लोक हसत होते. रॉयला आणि लिलियनलाही धास्ती होती. खर्च पंधरा लाख डॉलरच्या घरात गेला.

आता या हिमगौरीचं कसं होतं बघा. तिचा आवाज एड्रियाना कॅसेलोटी या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीचा. तिचे वडील गाणं शिकवायचे. स्टुडिओचा फोन त्यांना आला असताना ही पोरगी दुसऱ्या फोनवरून चोरून ऐकत होती. मध्येच तोंड घालून तिने गाऊनच दाखवलं आणि काम मिळवलं! रोजाचे वीस डॉलर, सगळे मिळून हजारसुद्धा झाले नाहीत. तिच्या हालचाली मार्जोरी बेल्चर या नृत्यशिक्षकाच्या मुलीच्या. तिला स्टुडिओत नाचायला, वळायला, लाजायला सांगून फिल्म घेतली आणि चित्रकारांनी ती पुढे ठेवून चित्रं काढली. आणि पडद्यावर दिसते ती शेवटची रेष, गालांवरची लाली, कपड्यांचा रंग हे सगळं शेकडो मुलींच्या हातचं. चित्रकाराची पेन्सिलची रेघ सेलवर, म्हणजे सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावावर, शाईने गिरवायची, मग उलट्या बाजूने रंग भरायचा. हात थरथरला की ताव वाया. या मुलींची इमारतही वेगळी.

चित्रकार मात्र जवळपास सगळे पुरुष. त्या काळात एका मुलीने चित्रकार म्हणून घेता का असं विचारणारं पत्र पाठवलं, तर स्टुडिओने सरळ लेखी उत्तर दिलं की ते काम तरुण पुरुषांचं आहे, बायकांना फक्त शाई आणि रंगाच्या विभागात घेतो. कागदाला हिमगौरीचं चित्र! ते वाचल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते. आवाज एका मुलीचा, अंग दुसरीचं, रंग शेकडोजणींचा आणि पडद्यावरच्या नावांत एड्रियानाही नाही, मार्जोरीही नाही, रंगवणाऱ्या मुलीही नाहीत. त्यावेळची पद्धतच तशी होती असं म्हणता येईल. म्हणणारे म्हणतातही.

२१ डिसेंबर १९३७ ला लॉस एंजेलिसमध्ये सिनेमाचा पहिला खेळ झाला. जे हसत होते ते हिमगौरीच्या शेजारी बुटके रडत बसलेले पाहून स्वतः रडले. सात बुटक्यांमधला धाकटा डोपी अख्ख्या सिनेमात एक अक्षर बोलत नाही आणि आमच्या शाळेतल्या मुलांचा तोच सर्वांत आवडता. १९३९ मध्ये वॉल्टला या सिनेमासाठी खास ऑस्कर मिळालं, एक मोठी बाहुली आणि सात छोट्या.

हिमगौरीच्या पैशातून वॉल्ट आणि रॉयने आईवडिलांना कॅलिफोर्नियात घर घेऊन दिलं. आयुष्यभर घरं बदलत आलेल्या फ्लोराला पहिल्यांदा स्वस्थ बसायला मिळालं होतं. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीत बिघाड होता. २६ नोव्हेंबर १९३८ ला त्या विषारी वायूने फ्लोराचा जीव गेला, एलायस कसेबसे वाचले. आपणच घेऊन दिलेल्या घरात आई गेली हे वॉल्टच्या मनातून कधी गेलं नाही. याविषयी तो घरातसुद्धा बोलायचा नाही म्हणतात.

पुढे 'पिनोकिओ' आणि 'फँटेसिया' आले, पण युरोपात महायुद्ध पेटल्याने तिकडचं उत्पन्न बंद झालं. नव्या मोठ्या स्टुडिओचं कर्ज डोक्यावर होतं. आणि स्टुडिओत धुसफूस. काहींना भरपूर पगार तर शाई-रंगाच्या मुलींना आणि मदतनिसांना तुटपुंजा, पडद्यावर नाव नाही, कामाची शाश्वती नाही. वॉल्ट स्वतःला सगळ्यांचा वडीलधारा समजायचा. आपल्या पोरांना युनियनची गरज काय, असं त्याला मनापासून वाटायचं. आर्ट बॅबिट या नामवंत चित्रकाराला युनियनचं काम करतो म्हणून काढून टाकलं आणि मे १९४१ मध्ये शेकडो लोक दाराबाहेर फलक घेऊन उभे राहिले.

जो माणूस उंदराला, लाकडी बाहुल्याला, बदकाला बोलतं करतो, त्याला आपल्याच माणसांचं बोलणं ऐकू आलं नाही. त्याने संप मनाला लावून घेतला. १९४७ मध्ये सरकारी समितीपुढे जाऊन संपामागे कम्युनिस्ट होते अशी साक्ष दिली आणि माणसांची नावंही घेतली. त्याच्या मोठेपणापुढे हे झाकून टाकावं असं मला वाटत नाही.

याच संपाच्या वर्षी 'डम्बो' आला. सर्कशीतलं मोठ्या कानांचं हत्तीचं पिल्लू. ते सबंध सिनेमात एक शब्द बोलत नाही. त्याला हिणवलं म्हणून चिडलेल्या आईला वेडी ठरवून कोंडून ठेवतात. रात्री पिल्लू तिला भेटायला येतं तेव्हा ती गजांतून सोंड बाहेर काढून त्याला झोका देते. हा डम्बो बिल टायटला या चित्रकाराने काढला, आपल्या दोन वर्षांच्या मुलाकडे बघून बघून. टायटलाही त्या संपात बाहेर उभा राहिला होता. पुढे तो स्टुडिओ सोडून गेला.

बायकांसाठी दार थोडं किलकिलं झालं ते त्याच सुमाराला. 'बाम्बी' या १९४२ च्या सिनेमात हरिणीच्या मागे लागलेले शिकारी कुत्रे रेटा स्कॉट या तरुणीने काढले आणि डिस्नेच्या सिनेमात अॅनिमेटर म्हणून नाव झळकलेली ती पहिली स्त्री ठरली. भयंकर आहेत ते कुत्रे! बाईच्या हातचे म्हणून कोणाला सांगून खरं वाटणार नाही.

१९४७ च्या सुमाराला वॉल्टने मिकीचा आवाज काढणं सोडलं. वेळ नव्हता, आणि सिगारेटनी घसाही खरखरीत झाला होता. आवाजांच्या विभागातल्या जिमी मॅक्डोनाल्ड यांच्याकडे ते काम गेलं. नंतर 'सिंड्रेला' आला, १९५५ मध्ये डिस्नेलँड उभं राहिलं, टीव्हीवर वॉल्ट घराघरातला काका झाला. या काळाबद्दल एवढं लिहिलं गेलं आहे की मी पुन्हा लिहीत नाही.

आपल्याला जवळची एक गोष्ट मात्र सांगायला हवी. हिमगौरी आणि बाम्बीवर काम केलेले क्लेअर वीक्स नावाचे चित्रकार १९५६ मध्ये मुंबईला आले. त्यांचा जन्मच भारतातला. फिल्म्स डिव्हिजनमध्ये त्यांनी आपल्या मुलांना कार्टून काढायला शिकवलं आणि १९५७ मध्ये 'द बनियन डिअर' ही जातककथेवरची फिल्म तयार झाली. भारतीय अॅनिमेशनचे पितामह म्हणतात ते राम मोहन तिथेच शिकले.

वॉल्टचा शेवटचा मोठा ध्यास मात्र चित्रांच्या पलीकडचा होता. १९६४ मध्ये न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात त्याने अब्राहम लिंकनचा यांत्रिक पुतळा उभा केला. पुतळा खुर्चीवरून उठायचा आणि भाषण करायचा, टेपवरच्या आवाजाबरोबर ओठ, भुवया, हात हलायचे. कागदावर जे जमलं ते आता रबर आणि यंत्रात. काही लोक पाहून घाबरलेसुद्धा.

आणि मग 'द जंगल बुक'. आपल्या दूरदर्शनवरचं ते लाडकं मोगली वेगळं, ते जपानी. त्यात हिंदीतल्या शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता, आणि शेरखान कसा बोलायचा ते अजून कानात आहे. डिस्नेच्या शेरखानला जॉर्ज सँडर्स या नटाचा आवाज आहे, मऊ, खानदानी आणि म्हणूनच भीतीदायक. चित्रकार मिल्ट काल याने त्या आवाजाला शोभेल असा वाघ काढला, घाई नाही, आरडाओरडा नाही, ओठ जेमतेम हलतात. तो सिनेमा पूर्ण झालेला पाहणं वॉल्टच्या नशिबी नव्हतं. फुफ्फुसाच्या कर्करोगाने १५ डिसेंबर १९६६ ला, स्टुडिओसमोरच्याच रुग्णालयात तो गेला. वय पासष्ट. 'जंगल बुक' १९६७ मध्ये लागला. लिलियन त्यानंतर एकतीस वर्षं जगली.

परवा मी शाळेत 'डम्बो' घेऊन गेले. झोक्याच्या प्रसंगाला वर्गात कोणी हललं नाही. संपल्यावर तीच मुलगी माझ्याजवळ आली. तिने खुणेनेच विचारलं, त्याचे कान एवढे मोठे आहेत, मग त्याला ऐकू येत असेल ना? मी मान हलवून हो म्हटलं. मग तिने विचारलं, तर मग तो बोलत का नाही? याला काय सांगावं ते मला सुचेना. ती थोडा वेळ थांबली आणि डबा खायला निघून गेली.